गंधे सर आणि मोडण्याचं बळ

लग्नाला गेलेला माणूस जेवतो, आहेर देतो आणि घरी जातो. आमचे गंधे सर जेवायचे, आहेर द्यायचे आणि मांडव उतरेपर्यंत बसून राहायचे. वऱ्हाड गेलं, नवरीची आई रडून थकली, की मांडववाले सुंभ सोडायला आणि बांबू काढायला लागत. सर खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर. मधूनच विचारणार, "किती जोर लागला हो?" शेवटी त्यांच्या बुडाखालची खुर्चीही उचलायची वेळ येई, तेव्हा स्वारी उठे.

पारनेरच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे आणि मी ड्रिल. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी, म्हणजे ऐकून घ्यायचा मक्ता माझ्याकडे. पुण्याला एम.एस्सी. होऊन, तिथल्या प्रयोगशाळेत काही काळ काढून हा माणूस पारनेरला का आला, देव जाणे. आला तो डोक्यात एक भुंगा घेऊनच आला.

भुंगा असा, की शरीरातल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं असतात. ती बांधायला ऊर्जा लागते. ठीक आहे, घर बांधायला गवंडी लागतोच. पण जुनी, बिघडलेली प्रथिनं पेशी मोडून टाकते, त्यालाही ऊर्जा लागते! सर टेबलावर थाप मारत. "पोटात अन्न पचतं ना मास्तर, तिथं पाचक रस आपले तोडून मोकळे होतात. पेशीच्या आत तसं नाही. यकृताचा तुकडा घ्या, त्याची ऊर्जा बंद करा, की मोडणंही बंद. का? जगात कुणाला ठाऊक नाही!" हे सांगताना त्यांना असा आनंद व्हायचा, की वाटावं ते न कळणं यांनीच शोधून काढलंय.

मी म्हणायचो, "अहो, मोडायला कसलं बळ? आपली पोरं हसतखेळत बाक मोडतात."

"बाक फुटतो, मास्तर. सुटा होत नाही."

त्यांचा स्वतःचा एक संशय होता. पुस्तकात नाही हं, असं बजावून सांगायचे. प्रथिन म्हणजे घट्ट गुंडाळलेला धागा. तोडणाऱ्या एन्झाइमला आत शिरायला फटच नाही. तेव्हा आधी कुणीतरी तो ओढून उलगडत असणार, सरळ करून आत सारत असणार, आणि मग तुकडे. बळ लागतं ते ओढायला. हे नववीच्या वर्गाला पटवायचं म्हणून त्यांनी वर्गात नोटीस घेऊन आलेल्या भिवा शिपायाच्या फेट्याचं टोक धरलं आणि ओढत सुटले. भिवा गरागरा फिरतोय, पोरं बाकांवर चढलेली. "आवो सर, आब्रू हाय ती माजी!" भिवा ओरडला. सर म्हणाले, "पाहिलंत? सहज येत नाही!" हेडमास्तरांपुढं त्यांची बाजू मांडताना माझ्या नाकी नऊ आले.

पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. गावाबाहेर माळावर खडी फोडायचं काम निघालं आणि सरांना सुटीच्या दिवशी मला घेऊन जायला ठिकाण मिळालं. हातोडा चालवणाऱ्या एका बाईला त्यांनी विचारलंच, "बाई, किती जोर लागतो?" तिनं वर बघितलं. "तुमीच हाना की येक घाव." सरांनी हाणला तो आपल्या अंगठ्यावर. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. येताना मात्र सर मागं वळून वळून त्या बायांकडं बघत होते. मग म्हणाले, "पोटात काही नसलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, मास्तर. आणि त्या मोडण्यालाही काहीतरी मोजावं लागतंच. या बायांनी ते कुठून आणायचं?" उन्हात माळ नुसता पांढरा दिसत होता.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी सुमनवहिनी गेल्या. सरांच्या पत्नी. अंगठ्याची पट्टी बदलताना "यांना मोडण्याचं मेलं भारी कौतुक" म्हणून हसणारी बाई, सकाळी छातीत कळ आली आणि डॉक्टर येईपर्यंत संपली. सर रडले नाहीत. लोकांना ते खटकलं. मलाही खटकलं, खोटं कशाला बोलू.

मुलगा पिंपरीला कारखान्यात. तो म्हणाला, "अण्णा, गुढीपाडव्यापर्यंत बिऱ्हाड मोडा आणि माझ्याकडं या. एकटं राहायचं नाही." घरमालकानं पुढचा भाडेकरूही बघून ठेवला. आम्ही चार मास्तर एका रविवारी बाह्या सावरून गेलो, अर्ध्या दिवसाचं काम. सरांनी दारातूनच परत पाठवलं. "जे शेवटी आलं ते आधी निघेल. मी क्रमानं काढतोय." आणि खरंच, आज रेडिओ, चार दिवसांनी कपाट, मग आठवडाभर काहीच नाही. पाडवा तोंडावर आला. हा माणूस इथून हलणार की या रिकाम्या घरातच खंगून जाणार, याचा मला घोर लागला. दंडावरचा सदरा ढगळ झालेला दिसत होता. मी चिडून म्हणालो, "सर, पुरे झालं तुमचं शास्त्र!"

पाडव्याच्या आदल्या दिवशी टेम्पो आला. मी सामान भरलं. घर मोकळं झालं. सर कुठं दिसेनात म्हणून स्वयंपाकघरात गेलो. खुंटीला फडक्याचं एक गाठोडं लटकत होतं आणि सर त्यासमोर उभे.

"हे राहिलं की," म्हणत मी हात घातला.

"नको!" सर केवढ्यांदा ओरडले.

मग हळू म्हणाले, "मटकी आहे. गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं मोड यायला बांधली होती. रोज सोडायला उभा राहतो, मास्तर. होत नाही हो."

"मी सोडू?" विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच हात वर केले. गाठ साधीच होती, कुठलीही बाई मारते तशी. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. "सर, ऊन लई व्हतंय!"

गाठ सुटली. मोड फडक्याच्या विणीतून पार बाहेर आले होते आणि तसेच वाळून कापडात अडकले होते. सर एकेक मोड बोटानं सोडवू लागले.

"ती गेल्यावरही हे वाढत होतं," ते म्हणाले. "माणसं येत होती, जात होती, आणि ती बांधून गेलेलं हे इथं वाढत होतं. मी एकदा पाणीसुद्धा मारलं नाही."

आणि गंधे सर भिंतीला टेकून खाली बसले, लहान मुलासारखे मोठ्यानं रडले. मीही रडलो.

टेम्पोवाला तणतणत आत आला. दारातच थबकला, मागं फिरला, आणि त्यानं इंजिन बंद केलं.