वैभव गावंडेची तिसरी कॉपी

वैभव गावंडेनं आमच्या वरच्या खोलीच्या तीन किल्ल्या करून घेतल्या. एक त्याच्या खिशात, एक आमच्या देवघरातल्या खिळ्याला आणि एक अकोल्याला त्याच्या वडिलांकडे. अमरावतीतल्या खोलीची किल्ली अकोल्यात कशाला, असं मी विचारलं. त्यावर त्यानं माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं, की आपण तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली आहे याचा मला क्षणभर विसर पडला.

"सर, कोणतीबी गोष्ट तीन जागी पाहिजे," तो म्हणाला. "दोन जवळ, अन् तिसरी कॉपी दुसऱ्या गावात. हे गावच बुडालं तं?"

अमरावती बुडवायची तर आधी नळाला पाणी यावं लागेल, हे मी मनातच ठेवलं. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, कॉम्प्युटर शाखेचा. भाडेकरू म्हणून सज्जन दिसत होता. मी एकच अट घातली, खोलीत स्वयंपाक करायचा नाही. त्यानं मान डोलावली आणि आधी आमच्या इंटरनेटच्या डबीची जागा बदलली.

त्या तिसऱ्या किल्लीची गरज मे महिन्यात पडलीच. आम्ही दोघं शेंदूरजनाघाटला लग्नाला गेलो होतो. देवघरातली किल्ली अर्थातच आमच्या कुलपाच्या आत. वैभवनं खिशातली किल्ली कॉलेजात हरवली. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा जिन्याच्या पायरीवर एक बारीक अंगाचा, पांढऱ्या शर्टातला माणूस बसलेला होता. हे वैभवचे वडील. किल्ली घेऊन अकोल्याहून एसटीनं आले होते.

"जेवून जा जी," सुमन म्हणाली. सुमन म्हणजे माझी बायको.

"नाई जी, साडेसातची गाडी हाय," ते म्हणाले. पोराच्या खोलीत त्यांनी एक चक्कर मारली, गादी दाबून पाहिली, पंखा चालू करून बंद केला आणि निघाले. वैभवला देवघरातली किल्ली मिळाली; आपली मात्र ते परत घेऊन गेले.

"पायलं सर? सिस्टिम चालली!" वैभव खूश होता. मी हा किस्सा पुढे आठ दिवस सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगून हसवत होतो. किल्लीसाठी एवढा प्रवास! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याचं दुसरं पालुपद होतं, "रिस्टार्ट करून पायलं काय?" आमचा कूलर बंद पडला. मी दोन तास पान्हा घेऊन त्याच्याशी झटत होतो. वैभवनं येऊन बटण बंद केलं, तीस आकडे मोजले, चालू केलं. कूलर चालू. त्या दिवसापासून घरात माझी जी काही पत होती ती संपली. पुढे मिक्सर, पाण्याची मोटर, माझा ताप, सगळ्यांना त्याचा हाच इलाज. एकदा सुमन माझ्यावर भडकली, तर हा जिन्यावरून हळूच म्हणतो, "सर, काकूले थोडा वेळ काही बोलू नका. आपोआप सुरू होतीन." तशी ती झालीही, पण आणखी मोठ्या आवाजात.

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तो रोज सकाळी 'आजची टिप' टाकायचा. 'पासवर्डमध्ये मुलांची नावं ठेवू नका.' 'पासवर्ड लिहून कॉम्प्युटरला चिकटवू नका.' 'फाइलला नीट नाव द्या.' या सगळ्या टिपा कॉलनीसाठी नसून एकट्या माझ्यासाठी आहेत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. माझ्या कॉम्प्युटरला मुलीच्या नावाचा पासवर्ड चिकटवलेला होता आणि पडद्यावर 'शेवटचं', 'शेवटचं दोन', 'खरंच शेवटचं' अशा नावांच्या फाइली होत्या. तिन्हींत नेमकं काय होतं, ते मलाही सांगता आलं नसतं.

आता माझ्या पापाकडे येतो.

सुमनकडे पदार्थांची एक वही होती. लग्न होऊन आली तेव्हापासूनची. कढीगोळे, पातोड्या, रोडगे, मुगवड्यांची भाजी, तिच्या आईचं आणि माझ्या आईचं सगळं तिनं त्यात लिहून ठेवलेलं. पंधराएक वर्षांपूर्वी मला हौस आली, की याचं पुस्तक करावं. राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात मी ती वही टाइप करून घेतली आणि सीडी घरी आणली. पुस्तक राहिलं ते राहिलंच. मग एका दिवाळीत साफसफाई करताना मी विचार केला, की आता सगळं सीडीत आहे, या तेलकट वहीचं काय काम? आणि ती रद्दीत दिली. मी. स्वतःच्या हातानं. सुमनला वाटत होतं, की वही माझ्या कपाटात जपून ठेवलेली आहे.

या वर्षी आमची सायली बेंगळुरूहून फोनवर म्हणाली, "आई, तुझ्या वहीचं ते पुस्तक दिवाळीपर्यंत करूनच ठेव. मला इथे करून बघायचंय."

"बाबाले सांगते," सुमन म्हणाली.

मी सीडी शोधली आणि तडक वरच्या खोलीत गेलो. दार लावून वैभवला सगळं सांगितलं. त्यानं सीडी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, "म्हंजे ओरिजिनल नाई. कॉपी एकच. तेबी सीडीवर."

"हो."

"सर, तुमी मास्तर होते ना?"

त्यानं कुठूनसा सीडी वाचायचा डबा आणला. फाइल उघडली. आत मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, टोपी घातलेले ओ, डॉलरची खूण, सगळा चिवडा. वैभवनं समजावलं, की त्या काळी दुकानदार आपापले फॉन्ट वापरायचे. तो फॉन्ट असला तर मराठी दिसतं, नसला तर हे असं. आणि हा फॉन्ट कोणता, ते त्या दुकानाशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. त्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात.

"पण होईन ना?" मी विचारलं. माझा आवाज दहावीच्या निकालाच्या वेळी पोरांचा यायचा तसा आला असावा.

"दोन मिनिटाचं काम हाय सर. कन्व्हर्टर असते."

ती दोन मिनिटं दीड महिना चालली. मी रोज वर जायचो, तो म्हणायचा, "चालू हाय." त्याच दिवसांत आणखी एक भानगड सुरू झाली. दर रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या घराचा फ्यूज उडायचा. मी स्टुलावर चढून तो बसवायचो. खाली उतरल्यावर वैभवला विचारायचो, की असं काहून होते. तो भिंतीकडे पाहत म्हणायचा, "लोड येते सर." आणि त्याच वेळी कुठूनतरी फोडणीचा वास यायचा. शेजारच्या देशमुखांकडे रविवारी काय काय करतात, असं मी सुमनला म्हणायचो. तीस वर्षं वर्गात कॉप्या पकडल्या, पण डोक्यावर शिजणारी भाजी मला पकडता आली नाही.

शेवटी दिवाळीच्या आधी त्यानं मला एक पेनड्राइव्ह दिला. "घ्या सर. झालं. तीन जागी ठेवलं हाय." मी चौकात जाऊन प्रिंट काढल्या, त्यांना निळं पुठ्ठ्याचं कव्हर लावलं आणि सुमनच्या हाती दिलं. आपण सुटलो, असं मला वाटलं. संध्याकाळी चहाही मी केला.

सुमननं सायलीला फोन लावला आणि चष्मा घालून वाचू लागली. "मुगवड्यांची भाजी. वड्या तेलात लाल करून घ्याव्या. तिखट दोन चमचे. मीठ सपाट एक चमचा..."

ती थांबली. पान उलटून पाहिलं. दुसरं पाहिलं. कढीगोळ्यातही मीठ. पातोडीतही मीठ.

"काहून हो," ती मला म्हणाली, "हे मीठ कोणं टाकलं?"

"तूच लिहिलं असशील."

"मी मीठ लिहितच नाई. मीठ काय लिहा लागते? ते तं ज्याच्या त्याच्या हाताले समजते. माझ्या अख्ख्या वहीत मीठ नाई. आणा बरं वही."

मी कपाटापर्यंत गेलो. उघडलं. आत बघत उभा राहिलो. कपाटात बघून वही परत येत नाही, हे मलाही माहीत होतं. मग वळलो आणि सांगून टाकलं. सायली फोनवर होतीच, तिनंही ऐकलं. "बाबा!" एवढंच ती म्हणाली.

सुमन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती निळं पुस्तक मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवत राहिली. "त्यात माझ्या आईच्या हातची दोन पानं होती," ती म्हणाली. मला हे ठाऊक नव्हतं. वही रद्दीत टाकण्याआधी मी ती उघडूनही पाहिली नव्हती.

मग तिनं डोळे पुसले आणि जिन्यात जाऊन हाक मारली, "वैभव! खाली ये."

तो आला. मीठ म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा पडला.

"काकू, चुकलं काय? बाबाले फिकं लागलं म्हणून टाकलं जी."

"तुझ्या बाबाले कसं काय फिकं लागलं?"

तेव्हा एकेक बाहेर आलं. कन्व्हर्टर वगैरे काही चाललंच नव्हतं. तो चिवडा त्यानं एकेका अक्षरानं ओळखून काढला होता. टोपीवाला ओ म्हणजे काय, डॉलर म्हणजे काय, असा तक्ता हातानं केला आणि सगळी वही नव्यानं टाइप केली. पण आपण बरोबर वाचलं की नाही, हे कळायचं कसं?

"टेस्टिंग केल्याशिवाय कसं द्याव?" तो म्हणाला. "म्हणून रोज एक पदार्थ बाबाले फोनवर पाठवला. अन् रविवारी मी वर इंडक्शनवर..." एवढं बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. माझ्या डोक्यात सगळे फ्यूज एकदम बसले.

"पहिल्या रविवारी बाबानं तिकडं अन् मी इकडं मुगवड्या केल्या," तो पुढे सांगू लागला. "बाबा म्हणे, मीठच नाई. मले वाटलं माझा तक्ता चुकला, मीठ माझ्याकडूनच हरवलं. चार दिवस त्या फाइलीत मीठ शोधलं काकू. सापडेच ना. मंग आईले विचारलं. आई म्हणे, सपाट एक चमचा टाक."

"आई अकोल्याले नाई?" सुमननं विचारलं.

"आई धारणीकडं डोंगरात शाळेवर मास्तरीण हाय. आठ वर्सं झाले. रस्ता असा, की दोन दिवसाच्या सुट्टीतला एक दिवस गाडीतच जाते. मंग महिन्या-दोन महिन्यानं येते. बाबानं डबा लावला होता, मीबी मेसमंधी. आमच्या घरी गॅस चहापुरताच पेटे." तो थोडा थांबला. "धारणीले रेंज राहत नाई, म्हणून तिसरी कॉपी तिले कागदावर पाठवली, एसटीच्या कंडक्टरच्या हातानं. आता रविवारी बारा वाजता तिघंबी तेच करतो. फोन लावून ठेवतो. लागला तं लागला."

"म्हणजे तुमचं घर..." सुमन म्हणाली.

"तीन जागी हाय," वैभव म्हणाला.

एरवी तीन जागी म्हटलं की पुढे तो हमखास व्याख्यान द्यायचा. त्या दिवशी पायातल्या चपलेकडे पाहत राहिला. मला जिन्यावर बसलेला तो पांढऱ्या शर्टातला माणूस आठवला. किल्ली देऊन त्यानं पंखा का लावून पाहिला होता आणि किल्ली परत का नेली होती, ते मला तेव्हा कळलं. किल्ली आपल्याकडे राहिली तर पोराकडे पुन्हा यायला निमित्त राहतं. आणि मी त्याचा किस्सा करून फिरायला येणाऱ्यांना सांगत होतो. फार लाज वाटली मला.

सुमन उठली. "रविवारी वर काही करायचं नाई," ती म्हणाली. वैभवची मान आणखी खाली गेली. "खाली येऊन कर. इथं गॅस हाय. यायनं घातलेली अट मी मोडली."

'यायनं' म्हणजे मी. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं काही कारणही उरलं नव्हतं.

त्या रविवारी आमच्या ओट्यावर वैभवचा फोन तेलाच्या बरणीला टेकवून उभा केला होता. कढीगोळे ठरले होते, उकळत्या कढीत वाटलेल्या डाळीचे गोळे सोडायचे. पडद्यावर एका चौकोनात त्याचे बाबा अकोल्याच्या स्वयंपाकघरात कमरेला टॉवेल गुंडाळून उभे होते. दुसऱ्या चौकोनात आई. कपाळावर घाम, मागे पत्र्याची भिंत, चेहरा मधेच गोठायचा, मधेच हलायचा.

"मॅडम, मीठ किती जी?" बाबांनी सुमनला विचारलं.

आयुष्यात कधी मीठ न लिहिलेल्या माझ्या बायकोनं धारणीच्या चौकोनाकडे पाहिलं. "ताई सांगतात तेच बराबर हाय," ती म्हणाली. "सपाट एक चमचा."

धारणीची बाई हसली. काहीतरी बोलली, ते अर्धंच पोचलं. मग तो चौकोन काळा झाला.

आता आपल्या अनुभवाचा उपयोग करावा म्हणून मी पुढे झालो. "रिस्टार्ट करून पाय ना," म्हटलं.

"नाई सर, राहू द्या," वैभव म्हणाला. त्यानं काळ्या चौकोनाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. कढीवर त्याचा हात तसाच फिरत होता. "बाबा, गोळे सोडा आता. आईकडं उकळी आली असन."