इंदूअक्कांचा किल्ला

आमच्या घरमालकीण इंदूअक्का माझ्या खोलीत आल्या की आधी पलंगाखाली टॉर्च मारतात. "अंधार ठेवलास की पाहुणा आलाच!" पाहुणा म्हणजे उंदीर-झुरळ नव्हे, राक्षस. तोही कॉम्प्युटरवरच्या खेळातला.

अक्कांचं घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे मराठीत चवीपुरतं कन्नड. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वेळ जावा म्हणून ठोकळ्यांचं जग बांधायचा हा खेळ मीच त्यांना शिकवला. त्या जगात काळोख असेल तिथे राक्षस आपोआप उगवतात, हे कळलं आणि बाई बांधकामच विसरल्या. "कुठून येतात, स्वल्प बघू दे," म्हणत वही घेऊन बसल्या. मग कोपऱ्या-कोपऱ्यात मशाली लागल्या.

दिवाळीत आमच्या मराठी मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली, ती याच खेळात. अट एकच: खेळातली एक रात्र किल्ला टिकला पाहिजे. मारतहळ्ळीच्या आयटीवाल्यांनी सात बुरूज उभारले. अक्कांचा किल्ला दिसायला पाण्याची टाकी, वर शेकडो मशाली.

"अक्का, किल्ला आहे की लग्नाचा हॉल?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"सरी, बरं, हस बाबा. तिसऱ्या बुरुजाच्या जिन्याखाली बघितलंस का?"

त्याने बघितलं नव्हतं. पडद्यावर रात्र झाली आणि नेमका त्याच जिन्याखालून एक हिरवा राक्षस निघाला, फुसफुसला आणि फुटला. चार बुरूज गेले! पाठोपाठ बाकीचेही किल्ले कोसळले. उजाडलं तेव्हा एकटी पाण्याची टाकी उभी होती. हॉलभर शिट्ट्या. अक्कांनी काठी तलवारीसारखी उगारली आणि गुडघा विसरून स्टेजवर चढल्या.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो. पुण्याला बदली झाल्याचं त्यांना सांगायचं होतं. आठवडाभर जीभ रेटत नव्हती. अक्का खेळत होत्या. पडद्यावर एका छोट्या खोलीत एकच राक्षस उभा होता. त्याच्या डोक्यावर नाव होतं: मंदार. म्हणजे माझं.

"हे काय, अक्का?"

"सामान हलवणारा माणूस परवा तुझी खोली बघायला आला होता," पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "आपण लांब गेलो की हे नाहीसे होतात रे. नाव दिलं की राहतात."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

"रंग स्वल्प हिरवा आहे, बाकी तूच. छप्पर घातलंय वर. यांना ऊन सोसत नाही."