भोकाचा पालक

पास्कल सर भोक नसलेलं पालकाचं पान घरात घेत नाहीत. पान उजेडात धरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि एक डोळा मिटून त्या भोकातून माझ्याकडे बघतात. "कीड जेवून गेलीय," समाधानानं म्हणतात, "म्हणजे औषध नाही. ठेव." चांगलं, हिरवंगार, अखंड पान मात्र माझ्या हातात परत येतं. "हे तुम्ही खा."

हा पालक सरांसाठी नसतो. त्यांच्या टाकीतल्या चार गोल्डफिशसाठी आणि काचेला चिकटून बसणाऱ्या एका काळ्या माशासाठी असतो.

आम्ही मूळचे कराडचे. चार वर्षांपूर्वी वसईजवळ पापडीत फ्लॅट घेतला. आमच्या बिल्डिंगच्या कुंपणाला लागूनच सरांचं कौलारू घर. इथल्याच शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. "राहून गेलं," म्हणतात, रेशन कार्डावरचा पत्ता बदलायचा राहून गेल्यासारखं.

रविवारी चर्चमधली साडेआठची मिस्सा आटोपून आले की त्यांचं स्वयंपाकघर सुरू होतं. पालक तीन पाण्यांनी धुवायचा, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायचा, लगेच गार पाण्यात. मग स्टीलच्या काट्याला बांधून टाकीत सोडायचा, नाहीतर तरंगतो. मटाराचा एकेक दाणा वाफवून त्याचं साल काढायचं आणि दोन फाका वेगळ्या करायच्या. दोन तासांनी उष्टं काढून टाकायचं, कारण पाणी नासतं. पहिल्यांदा बघताना मी सहज विचारलं, "मीठ नाही घालत?"

सरांनी वर्गात मागच्या बाकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "चव्हाण, ते पाण्यात राहतात. कोशिंबिरीत नाही."

एकदा सगळ्यात गोल मासा उलटा होऊन पोट वर करून तरंगू लागला. मी मनातल्या मनात त्याला निरोपही दिला होता. सरांनी दोन दिवस त्याला उपाशी ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सोललेला मटार घातला. संध्याकाळपर्यंत गडी सरळ. "बद्धकोष्ठ," सर म्हणाले. "माणसाला त्रिफळा, याला मटार."

स्वतः सर पक्के मासेखाऊ. बांगडा तळला नाही तर त्यांचा रविवार साजरा होत नाही. फक्त जेवायला बसताना टाकीवर टॉवेल टाकतात. "त्यांच्या नात्यातला नाही," ताटाकडे बोट दाखवून म्हणतात, "तरी पण."

आता तो भोकाचा पालक येतो कुठून, ते सांगतो. सरांच्या घरामागे त्यांच्या थोरल्या भावाची, इनासभाऊंची वाडी आहे. तिच्यात पूर्वी बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. दोघांचं सगळं लहानपण त्याच्या काठावर गेलं. इनासभाऊंनी मुलाचं घर बांधायला ते बुजवलं. भराव टाकायला डंपर आला त्या सकाळी सर मासे वाचवायला बादली घेऊन गुडघाभर चिखलात उतरले होते म्हणतात. त्या दिवसापासून बोलणं बंद. थोरला सहाच्या मिस्सेला जातो, धाकटा साडेआठच्या. त्यानंतर महिन्याभरातच सरांनी काचेची टाकी आणली. या सगळ्याला नऊ वर्षं झाली.

तरी पालक वाडीतलाच हवा. बाजारातल्यावर फवारणी असते, हा सरांचा ठाम सिद्धान्त. म्हणून दर रविवारी मी जायचं, आणि पालक आमच्या घरासाठी हवाय असं सांगायचं. इनासभाऊ खुरपं ठेवून उठत, कोपऱ्यातल्या वाफ्यातून जुडी काढून देत. "चाळणीसारखी पानं आवडतात तुमच्या मंडळींना," एवढंच म्हणत. मी मान डोलवत असे. परतलो की सर पानं तपासता तपासता सहज विचारत, "जुडी कोणी दिली? बरा आहे ना?"

गेल्या थंडीत एका रविवारी वाडीत इनासभाऊ दिसले नाहीत. "ताप आहे," गड्यानं सांगितलं आणि त्यानंच जुडी काढून दिली. भोकं होती. सरांनी तापाचं ऐकून घेतलं, जुडी तपासली, धुतली, उकळली, काट्याला बांधली. काटा पाण्यापासून वीतभर वर असेल, तेवढ्यात अंगणातून आरोळी आली.

"पास्कू! पाला टाकू नको!"

इनासभाऊ दारात उभे. लुंगी, स्वेटर, पायात चप्पलही नाही. धाप लागलेली. "काल गड्यानं सगळीकडे औषध मारलंय. त्या वाफ्यावर पण. मला आत्ता बोलला."

सरांचा हात तसाच हवेत. नऊ वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं, आणि ते पालकाबद्दल.

"तुला कोणी सांगितलं मी माशांना घालतो?" सरांनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? चव्हाणांच्या घरात नवरा-बायको दोघंच. दर रविवारी भोकं बघून पालक कोण खातो?" इनासभाऊ दाराच्या चौकटीला टेकले. "एक वाफा बिनऔषधाचा ठेवलाय मी. कोणासाठी ठेवलाय?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. चार वर्षं मी मोठ्या सफाईनं खोटं बोलतोय असा माझा समज होता.

सरांनी काटा बेसिनमध्ये ठेवला, हात पुसले आणि भावाच्या कपाळाला लावले. मग त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी रागावून बोलले. मला अर्धंच कळलं, पण सूर अनवाणी येण्याबद्दलचा होता. आपल्या चपला त्यांनी भावाच्या पायाशी सरकवल्या आणि दंडाला धरून त्याला घेऊन निघाले. स्वतः अनवाणी.

मी टाकीजवळ बसून राहिलो. मासे काचेशी येऊन माझ्याकडे बघत होते. काय द्यावं ते मला सुचेना. सर परतले तेव्हा बांगडा तळायची वेळ टळून गेली होती.

"पेज पाजली," खुर्चीत बसत म्हणाले. "झोपलाय आता."

मी जरा चिडूनच बोललो. "सर, त्यांना सगळं ठाऊक होतं. तुम्हालाही अंदाज असणारच. मग मला चार वर्षं खोटं बोलायला का लावलंत? बाजारातला पालक चार पाण्यांनी धुतला असता तर नसतं चाललं?"

"चाललं असतं," सर म्हणाले. चष्मा काढून ते सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले.

"पण बाजारातून आलास, तर थोरला आज कसा दिसला, हे तुला कसं विचारणार?"