भाकरी का कोकरं

गव्हाणे सरांनी आजवर एकाही पोराचं उत्तर चूक म्हटलेलं नाही. गणिताच्या मास्तराला ही फारच गैरसोयीची सवय आहे. पोरगं फळ्यावर काहीही खरडू दे, सर चष्मा कपाळावर सरकवणार, फळ्याकडे कौतुकानं बघणार आणि म्हणणार, "उत्तर बरोबर हाय. गणित दुसरं हाय. हुडकू."

आणि मग खरंच हुडकत बसतात. एकदा एकानं सात आठे चोपन्न म्हटलं, तर सहा नवे सापडेपर्यंत घंटा झाली. सात आठे किती ते पोरांना दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. माझ्याकडे चूक ती चूक. लाल पेन मी स्वतःच्या पगारातून घेते आणि पुरेपूर वापरते.

आमची शाळा वालूरच्या अलीकडच्या एका गावात आहे. आम्ही सगळे परभणीहून जीपनं ये-जा करतो. गावात राहणारे एकटे गव्हाणे सर. इथं मोबाईलला रेंज नाही, रस्त्याला डांबर नाही, पण सरांचा जीव म्हणे इथंच रमतो. मधल्या सुट्टीची घंटा व्हायचा अवकाश, सर सायकलवर टांग टाकून घरी. आमच्यासोबत डबा खाल्लाय असं कधी झालं नाही. त्यांच्या मिसेसना आम्ही कुणी पाहिलेलं नाही. पण बाई भलतीच कडक असणार, गरम जेवण निवलेलं खपवून घेत नसणार, यावर स्टाफरूममध्ये एकमत होतं.

तर त्या आठवड्याची गोष्ट. सोमवारी परिपाठ संपता संपता हेडमास्तरांनी जाहीर केलं की शनिवारी विस्तार अधिकारी साहेब येणार, आणि सातवीचं गणित बघणार. आमचे हेडमास्तर शिक्षण फोटोत मोजतात. वर्गात पोरं शिकली नाहीत तरी चालतं, पण ग्रुपवर फोटो पडला पाहिजे. ते सरांना म्हणाले, "गव्हाणे, अपूर्णांकाची बेरीज आली पाहिजे पोरायला. मागच्या तपासणीला हुडकत बसलात तसं झालं तर साहेब तुमाला तालुक्याच्या पार त्या टोकाला पाठवायलेत. माझ्या हातात काही ऱ्हाणार न्हाई."

सर कधी कुणापुढं हात जोडत नाहीत. त्या दिवशी जोडले. "कुठलाबी वर्ग द्या, सर. संडासावर देखरेख द्या. पण गाव सोडायला लावू नका."

मला आश्चर्य वाटलं. या गावात सोडू नये असं काय आहे, ते मी दोन वर्षं शोधतेय.

अशी तलवार डोक्यावर टांगलेली असताना शहाण्या माणसानं काय केलं असतं? पोरांकडून रीत घोकून घेतली असती. सरांनी फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिलं आणि शेवटच्या बाकावरच्या शीतलला उठवलं. शीतल मेंढ्या राखणाऱ्या घरातली. आईबाप मेंढरं घेऊन लांब गेलेले, ही दिवाळीनंतर आत्याकडे राहायला आलेली. तोपर्यंत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती पुटपुटली, "पाचात दोन."

वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. वर्ग खदखदून हसला. सरांनी चष्मा वर सरकवला. "उत्तर बरोबर हाय. गणित दुसरं हाय. हुडकू."

मी शेजारच्या वर्गात कपाळावर हात मारला.

मंगळवारी सरांनी घरून भाकरी आणली. अशी वाकडीतिकडी भाकरी मी जन्मात पाहिली नव्हती. मिसेस कडक असतील, पण स्वयंपाकात त्यांचा हात काही खास नसावा. अर्धी भाकरी ठेवली, तिच्याशेजारी दुसऱ्या भाकरीचा तिसरा वाटा ठेवला. "आता सांगा, अर्ध्या भाकरीत आणखी घातली, मंग ती अर्ध्याहून कमी कशी होईल?" पोरांनी सहा वाटे करून बघितले. पाच भरले. पाच छेद सहा. झालं की! रीत कळली, बेरीज आली, साहेबांची सोय झाली. मग पोरांनी गणिताचा पुरावा खाऊन टाकला.

पण सरांना चैन कुठं? "भाकरीचं उत्तर सापडलं. शीतलचं गणित ऱ्हायलं."

एक हुशार पोरगा म्हणाला, एक छेद पाच अधिक एक छेद पाच. सर म्हणाले, "ते तुझं गणित. तिनं असं केलतं का?" बुधवारीही तेच दळण. इकडे पोरांनी शीतलचं नाव 'पाचात दोन' ठेवून टाकलं आणि गुरुवारी ती शाळेत आलीच नाही.

मी म्हटलं, "सर, बघा. एकदाच चूक म्हणून मोकळे झाला असता तर पोरगी आज बाकावर असती."

सरांनी ऐकून घेतलं. मग अख्खी सातवी रांगेत उभी केली आणि चालले आत्याच्या घरी. हेडमास्तरांना सांगितलं, परिसर भेट. हेडमास्तर फोटो काढायला मागोमाग धावले. वर्गावर नियंत्रण म्हणून मला जुंपलं. उन्हात, चपलेत काटे घेत मी त्या गणिताच्या शोधात निघाले.

शीतल अंगणात कोकरं जाळीत कोंडत होती. आम्हाला बघून ती गोठ्याआड सरकली. सर उकिडवे बसले. "बाई, तू सोमवारी सांगितलं ते कशाचं होतं, येवढंच इचारायला आलाव. आमाला काई सापडंना."

तिनं बोटानं मातीत रेघा ओढल्या. मग म्हणाली, "आमची दोन कोकरं. त्यातलं एक काळं. आत्याची तीन. त्यातलं एक काळं. समदी एकाच जाळीत घालतेत."

"मंग?"

"मंग पाचात दोन काळी."

कुणी हसलं नाही. सर तिथंच मातीत फतकल मारून बसले, स्वच्छ पांढऱ्या पँटसकट. "हेच की गं ते. आठवडाभर मी भाकरीत हुडकायलो." हेडमास्तरांनी फोटो काढला. फोटोत कोकरंच जास्त आली.

शुक्रवारी शीतल शाळेत आली.

शनिवारी सकाळची शाळा. साहेब आले, हार झाला, चहा झाला. साहेबांनी फळ्यावर नेमकं तेच गणित लिहिलं आणि नेमकं शेवटच्या बाकाकडे बोट केलं. सरांच्या हातातला खडू मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला.

शीतल उभी राहिली. "सर, भाकरी का कोकरं?"

"काय?"

"भाकरी असली तर पाच छेद सहा. कोकरं असली तर पाचात दोन."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं, तो बंद होता. साहेबांनी तिला फळ्यापाशी बोलावलं. तिनं भाकरी काढली, कोकरं काढली, काळी रंगवली. साहेब म्हणाले, "हे पुस्तकात कुठं आहे?"

"पुस्तकात भाकरी हाय, साहेब," गव्हाणे सर म्हणाले. "कोकरं तिच्या घरी हायत."

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली आणि हा माणूस साहेबांना नमस्कार करून सायकलवर निघून गेला. निकाल ऐकायलासुद्धा थांबला नाही. साहेबांना पुढे एका बारशाचं जेवण होतं. वहीत 'वर्ग बोलतो' असा शेरा मारून ते हेडमास्तरांना म्हणाले, "राहू द्या यांना इथंच." फोन लागत नव्हता, म्हणून हेडमास्तरांनी निरोप देऊन मला धाडलं.

सरांचं दार उघडं होतं. आत पलंगाला उशी लावून त्यांची बायको बसली होती. कडक वगैरे काही नव्हती. एक हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड जरा वाकडं, नजर कुठंतरी लांब. चुलीवरचा तवा अजून तापलेला होता आणि सर तीच वाकडीतिकडी भाकरी वरणात कुस्करून तिला भरवत होते.

"मीठ बरोबर हाय का?" सरांनी विचारलं.

"गेली," ती म्हणाली आणि ओठ मिटून घेतले.

सरांनी घास खाली ठेवला. चष्मा कपाळावर सरकवला. "उत्तर बरोबर हाय. सवाल दुसरा हाय. हुडकू." मग हळूच विचारलं, "लाईट गेली का?" तिनं मान फिरवली. "दूधवाली गेली का?" तिचे डोळे भरून आले. "चुडाव्याची गाडी गेली का? म्हायेराची?"

तिनं सरांकडे पाहिलं. "गेली," म्हणाली, आणि तोंड उघडलं.

"जाऊ की मंग दुसऱ्या गाडीनं." सरांनी घास भरवला.

मी उंबऱ्यात उभी होते. रोजची मधली सुट्टी इथं जाते, हे मला आत्ता कळत होतं, आणि फार वाईट वाटत होतं. सरांनी मला पाहिलं. मी कसंबसं सांगितलं, "सर, बदली नाही. साहेब म्हणाले, इथंच राहू द्या."

सरांनी वाटी खाली ठेवली. पदरानं तिचं तोंड पुसलं, मग तिच्या कानाशी वाकून विचारलं, "फिकीर गेली का?"

"गेली," ती म्हणाली.