दाबून ठेवेल चाल

दर रविवारी सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना आमच्या स्वयंपाकघराची भिंत वाजायची. पलीकडून सुपडू मिस्त्री लोखंडी पान्याने ती ठोकायचा आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडायचा, "मास्तरीणबाई! कूलर बंद करा! होल्टेज पडून राहिलं!" भिंत दोन्ही घरांत मिळून एकच. चार वर्षांत तिचा गिलावा तीनदा पडला, एकदा तर फोडणी दिलेल्या वरणात.

बुऱ्हाणपूरचा मे महिना ज्याने काढलेला नाही, त्याला माझा संताप कळायचा नाही. इथे दुपारी नळाच्या पाण्यानेही पोळतं. अशा दिवसांत माझा कूलर बंद करायचा आणि ह्याचा चालू ठेवायचा! बरं, तोही माणसासाठी नाही. ह्याच्या कूलरची हवा खायचा ह्याचा संगणक.

सुपडू जन्मभर पॉवरलूमच्या कारखान्यांत माग दुरुस्त करत होता. त्याच्या हाती माग दिला की तो आधी मोटरची पुली काढून मोठी बसवायचा. माग सुसाट पळायचा, धागे तटातट तुटायचे, मालक बोंबलायचा. सुपडूचं उत्तर ठरलेलं असायचं, "मागात दम आहे शेठ. तुम्ही त्याले दाबून ठेवेल आहे." साठीनंतर माग सुटले, पण खोड सुटली नाही. इतवारा भागातलं एक सायबर कॅफे बंद पडलं, तिथला एक जुना संगणक ह्याने हातगाडीवर घालून घरी आणला. देणारा दुकानदार बोलता बोलता एवढंच म्हणाला की आतला प्रोसेसर, म्हणजे संगणकाचं डोकं, कंपनीने ठरवलेल्या चालीपेक्षा जास्त पळवता येतो, फक्त तापतो फार. दुकानदाराचं तोंड तेव्हा कोणी धरलं असतं तर माझी चार वर्षं सुखात गेली असती.

ह्या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सुपडू म्हणायचा, चाल वाढवणं. संगणक सुरू होताना एक बटण दाबून धरायचं, निळ्या पडद्यावरचा आकडा थोडा वाढवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. देव पावला नाही की पडदा काळा. मग पोटातला चपटा सेल काढायचा, पुन्हा घालायचा आणि जुन्या आकड्यापासून सुरुवात. हे सगळं मला कसं माहीत? भिंतीमुळे. आकडा किती चढला ते आम्हाला शिव्यांवरून कळायचं. कंपनीच्या मालकाच्या आईपर्यंत गाडी गेली की समजावं, आज फारच वाढवला होता.

एकदा सकाळी सकाळी दारात उभा. "दात घासाची पेस्ट आहे काय? पांढरी पाहिजे, जेलवाली नको."

म्हाताऱ्याची संपली असेल म्हणून मी नवी ट्यूब दिली. संध्याकाळी ती चपटी होऊन परत आली. ह्याने ती प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये चोपडली होती, गरमी ओढून घ्यायला! वर मलाच ऐकवतो, "असली मलम इंदूरले भेटते. तोवर हे चालून जाते." चार दिवस भिंतीपलीकडून भाजलेल्या पुदिन्याचा वास येत होता. आमचे हे तहसिलीत बाबू, स्वभावाने गरीब गाय. ते हसले. मी हसले नाही.

मी त्याला सरळ सांगितलं, "सुपडूभाऊ, ते यंत्रच मंद आहे. मंद ते मंदच राहणार. टाकून द्या भंगारात."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "मंद कोणी नसते, मास्तरीणबाई. दाबून ठेवेल असते." आणि बोट माझ्याकडे, जशी काही ती कंपनी माझ्या माहेरची. हे वाक्य तो दर आठवड्याला ऐकवायचा, आणि दर वेळी बोट माझ्याकडेच. तसं पाहिलं तर आम्ही ह्या गल्लीत राहायला आलो, सामान अजून टेम्पोत होतं, तेव्हापासून तो मला मास्तरीणबाईच म्हणत होता. मी शाळेत शिकवते हे त्याला कोणी सांगितलं, हा विचार तेव्हा मला सुचला नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरायचं ते पुढच्या गोष्टीने. एरवी दिवसभर ओरडणारा हा माणूस रविवारी भिंत ठोकून झाली की अकरा ते बारा अगदी गप्प असायचा. ना शिवी, ना खोकला. मी ताडलं, माझा कूलर बंद करून हा मेला गार हवेत झोपतो!

त्या रविवारी दापोऱ्याहून माझे भाऊ-वहिनी जेवायला आले होते. आमरस पातेल्यात, पुरी तेलात, आणि भिंत वाजली. गिलाव्याचा खपला थेट रसात. हातात झारा होता, तो तसाच घेऊन मी निघाले. आज तो संगणकाचा डबा तरी राहील नाहीतर मी तरी, असं ठरवूनच उंबरा ओलांडला.

दार उघडंच होतं. संगणकाचं झाकण काढून ठेवलेलं, पुढ्यात कूलर, वर टेबलफॅन. सुपडू झोपलेला नव्हता. माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि त्याचे दोन्ही हात हवेत भराभर चालत होते. पडद्यावर पंचविशी ओलांडलेली एक मुलगी होती. तिचेही हात चालत होते. इतक्यात चित्र अडकलं. तिचा एक हात हनुवटीपाशी थांबला, दुसऱ्याचा नुसता फराटा. सुपडूचे हातही तसेच थांबले. मग त्याने मला पाहिलं.

तो ओरडला नाही. "बाई, थोडा वेळ कूलर बंद करा," अगदी हळू म्हणाला. "पोरीचे हात तुटून राहिले."

मी खिडकीतून ओरडले, "अहो, कूलर बंद करा!" जरा वेळाने चित्र हललं. हात पुन्हा जुळून आले.

"ऐकू नाही येत तिले. जन्मापासून," तो म्हणाला.

त्याची मुलगी इंदूरला असते एवढंच मला माहीत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मोबाइलवर मेसेज नाही का पाठवत?"

"पाठवते ना. 'जेवली, बरी आहे.' खतम. मेसेजमधी भांडत नाही ती. भांडाले हात पुरे पाहिजेत." त्याने पडद्याकडे पाहिलं. "मागच्या महिन्यात म्हणे, बाबा, पिक्चर अटकते, जाऊ द्या, मेसेजच करत जाऊ. मंग माही पोर गेलीच ना."

तेवढ्यात तिला मी दिसले. कोण, म्हणून तिने भुवया उंचावल्या. सुपडूने आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्याने दोन बोटांची वर्तुळं डोळ्यांवर धरली, माझ्या चष्म्यासारखी, आणि मग एक बोट सरळ दाराबाहेर दाखवलं. तिच्या भुवया खाली आल्या.

मला कोणी अर्थ सांगायची गरज पडली नाही. वीस वर्षांपूर्वीचा माझा पहिलीचा वर्ग. वैशाली नावाची मुलगी, जेमतेम दोन महिने आलेली. हाक मारली की वळायची नाही, मध्येच मोठ्याने आवाज काढायची. मी तिला पाटीसकट व्हरांड्यात बसवलं होतं. बापाला बोलावून सांगितलं, मुलगी मंद आहे, घेऊन जा. तिला ऐकू येतं का, एवढं बघायची तसदी मी घेतली नाही. बापाच्या हाताला काळं तेल लागलेलं होतं, तेवढं आठवलं. चेहरा मी पाहिलाच नव्हता. मी ते सगळं विसरून गेले होते. ह्या घरात मात्र इतकी वर्षं माझं नाव तेच होतं. चष्मा, आणि बाहेर.

"तिकडे मुक्या-बहिऱ्या पोरायच्या शाळेत आहे आता," सुपडू म्हणाला. "शिकवते. मास्तरीणबाई आहे."

वैशाली माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. चित्र कुठेही अडकलं नाही. ते अडकावं असं मला फार वाटलं. मग तिने हात जोडले. मला जोडता येईनात, हातात झारा होता.

पुढच्या रविवारी पावणेअकरालाच मी कूलर बंद केला, फ्रीजचा प्लग काढला. तरी भिंत वाजलीच.

"मास्तरीणबाई! कूलर लावा! आज चाल बरोबर आहे! उकडून मरसान!"

"तुम्ही तुमचं बघा!" मीही ओरडले. "भिंत पाडाल माझी!"

पलीकडून उत्तर आलं नाही. अकरा वाजले होते.

मी कूलर लावला नाही. पाट घेतला, चष्मा नीट केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. समोर रणरणतं ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. थोड्या वेळाने हे दारात आले, म्हणाले, "वेड लागलंय का? आत चल."

"बारा वाजू द्या," मी म्हटलं.