पडझडीचा फोटो

पातूरच्या पुढच्या त्या गावात नागसेन वानखडे तिसऱ्यांदा आला आणि जुनी सराई पाहून गाडीतच बसून राहिला. मे महिन्यातल्या वादळात सराईची दगडी कमान निम्मी ढासळली होती, भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. दुरुस्ती मंजूर व्हायची तर ही पडझड ड्रोनने आणि लेझर यंत्राने जशीच्या तशी टिपून शुक्रवारपर्यंत पुरातत्त्व खात्याच्या अमरावतीच्या कार्यालयात द्यायची होती. पहिल्या खेपेला वारा फार होता. दुसऱ्या खेपेला ड्रोनच्या बॅटऱ्या घरीच राहिल्या. आज वारा नव्हता, बॅटऱ्याही होत्या. पडझड तेवढी नव्हती.

भेग बाहेरून सिमेंटने बुजवली होती. कमानीच्या पडलेल्या भागात विटा भरल्या होत्या आणि सगळ्यावर पांढराफेक चुना मारला होता. पडलेल्या दगडांचा लिंबाभोवती ओटा झाला होता.

"हे काय केलं, काका?" त्याने सरपंच पंजाबरावांना विचारलं.

"तुमचा फोन आला ना, फोटो काढाले येऊन राहिलो मनून. मंग फाटक्या कपड्यात फोटो काढते काय कोणी?"

"अवो, मले फाटकंच पाह्यजे होतं."

"ते फोनवर नाई सांगतलं तुमी."

हे खरं होतं. शिकलेल्या माणसाला काही गोष्टी सांगाव्या लागतील असं वाटतच नाही, आणि मग तो ओट्यावर डोकं धरून बसतो. नागसेन बसला.

पंजाबरावांच्या पत्नी वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. "आठ दिवस अर्धं गाव राबलं, भाऊ. चुन्यानं हात सोलले माये." ते हात पाहून नागसेनला रागावताही येईना.

केशवराव गवंडी हळूच म्हणाले, "तोडून देऊ काय? घंटाभराचं काम हाय."

नागसेनच्या मनात क्षणभर आलंही. "नाई जमत. तुमी तोडलेलं वादळाच्या नावावर कसं लिहू?"

ड्रोन उडवून त्याने वरून चित्रं घेतली. मग तीन पायांच्या तिकाटण्यावर लेझर यंत्र लावलं आणि थकल्या आवाजात सांगितलं, "हे फिरेस्तोवर कोणी हलू नका." समोरून बाजूला व्हा, हे सांगायचं राहिलं. गाव टोप्या घालून कमानीसमोर दोन रांगांत उभं राहिलं आणि वीस मिनिटं कोणी डोळ्यावरची माशीसुद्धा हाकलली नाही. पंजाबरावांच्या टोपीचं टोक मिलिमीटरपर्यंत अचूक आलं. कमानीचा पाया त्यांच्या मागे राहिला. पुन्हा यंत्र लावावं तर बॅटरी संपली होती.

अहवालात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, 'वादळात पडलेला भाग ग्रामस्थांनी स्वतः बांधला आहे. आतली भेग कायम असून दुरुस्ती तातडीने व्हावी.' कार्यालयाने पहिलं वाक्य वाचलं. महिनाभराने उत्तर निघालं: दुरुस्तीची आवश्यकता नाही. सोबत गावाला 'लोकसहभागातून उत्कृष्ट जतन' असं प्रमाणपत्र. पंजाबरावांना फोन करायला नागसेनला तोंड राहिलं नाही.

आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. "साहेब, प्रमाणपत्र भेटलं. फ्रेम करून आणली."

"माफ करा काका, तुमचं काम माया हातून झालं नाई. लय वाईट वाटते."

"आयका तं खरं. ते लावाले कमानीत खिळा ठोकला. तिसऱ्या ठोक्याले विटा बी खाली आल्या आन् होती तेवढी कमान बी खाली आली."

"कोणाले लागलं काय?"

"नाई. केशवराव उडी मारून सरकले. पण या टायमाले एका गोट्याले कोणी हात लावला नाई. वच्छलानं गावातले झाडू कुलपात ठेवले. तुमी या फक्त."

नागसेनने उठून बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. मग आठवून, एकेक शब्द सुटा करत त्याने सांगितलं, "येतो. पण काका, यंत्रासमोर कोणी उभं राहू नका. एकही माणूस नको."



"मंग प्रमाणपत्र कोन धरन?" पंजाबरावांनी विचारलं.