गोदाक्काचा पहिल्या नंबरचा फोटो

बाळांनो, नकाशावर न सापडणाऱ्या एका जंगलात गोदाक्का नावाची म्हातारी साळिंदर राहायची. तिचं बीळ होतं, पण सिंहमहाराजांना पहाटे फिरायला रस्ता हवा झाला आणि त्यात ते बुजलं. मग गोदाक्का त्याच रस्त्याकडेच्या उंबराखाली गोधडी टाकून राहू लागली.

नदीपलीकडे तिची लेक सगुणा नांदत होती. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर गोदाक्का तिला निरोप धाडी, "मी मजेत आहे. बीळ कोरडं आहे."

एके दुपारी ती तोंड उघडं टाकून झोपली होती. खटक् असा आवाज झाला. बघते तर समोर करकोचेसाहेब, गळ्यात कॅमेरा.

"अहो, विचारायचं तरी!"

"विचारलं की चेहऱ्यावरचं दुःख पळून जातं, आजी."

"मग थांबा, काटे विंचरते. दुसरा काढा."

"छे छे! विंचरलेल्या दुःखाला कोण बक्षीस देतो?"

आणि खरंच, फोटोचा पहिला नंबर आला. मोठ्या गुहेत प्रदर्शन भरलं. सिंहमहाराज फोटोसमोर उभे राहून ढसाढसा रडले. फोटो भिजू नये म्हणून गुहेतली गळती त्यांनी ताबडतोब बंद करवली.

गोदाक्का तिथे पोचली.

"महाराज, तेवढा फोटो खाली उतरवा. माझी लेक बघेल."

"घाबरू नका. खाली तुमचं नाव कुठे लिहिलंय?"

"आईला ओळखायला नाव लागतं होय?"

महाराज विरघळले. त्यांनी तक्रारीचा अर्ज मागवला. पहिलाच रकाना होता, राहण्याचा पत्ता. गोदाक्काने हातातली लेखणी खाली ठेवली आणि ती उंबराखाली परत गेली.

चौथ्या दिवशी सगुणा आलीच. नदी पोहून, निथळत.

"मजेत आहेस ना? कोरडं आहे ना बीळ?" तिने आधी आईला चांगलं झापलं. मग काटे सांभाळत गळ्यात पडून रडली. नंतर गोधडी गुंडाळली, काखेत मारली आणि आईला घरी घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात करकोचेसाहेब नवीन लेन्स घेऊन आले. उंबराखाली कोणीच नव्हतं.

"लेकीकडे गेली," फांदीवरची खार म्हणाली.

"गेली? अहो, माझी बारा फोटोंची मालिका अर्धी राहिली!" साहेब कळवळले. "बेघरांनी निदान जागेवर तरी राहावं!"

तात्पर्य : दुसऱ्याचं दुःख दिसलं की आधी फोटो काढून घ्यावा. उशीर झाला तर त्याचं कोणीतरी येतं, आणि चांगलं दुःख हातचं जातं.